गाठीचं श्राद्ध

बदलापूर,
१० सप्टेंबर २०२५

चि. सौ. विठास,
वेणूचे अनेक आशीर्वाद.

तू फोन बंद करून बसलीस, म्हणून हा कागद. आमचे शंकरराव अंबरनाथला कंपनीत येतात, त्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकलाय. उत्तर त्यांच्याकडेच दे.

काल उल्हासनगरला तुझी पहिली केमो होती. हिंदुराव रिक्षा आणून दारात उभा, आणि तू म्हणे आतून कडी लावलीस! माझा भाऊ फोनवर रडायचा बाकी होता. अगं, छातीतली गाठ काढायला हसत गेलीस. आता मागे काही उरलं असेल तर त्यासाठी हे औषध, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मग आत्ताच काय झालं? सरळ लिही. गोलगोल लिहिलंस तर येऊन कान धरीन.

लोभ आहे म्हणून ओरडते, तो तसाच चालू दे.
तुझी नणंद,
वेणू

बुवापाडा, अंबरनाथ,
११ सप्टेंबर

ती. वेणूताईंना,
विठाचा सा. न. वि. वि.

फोन बंद केला, कारण इथे प्रत्येकाला अचानक डॉक्टरकी यायला लागली. एकीने पपईचा पाला आणला, दुसरीने कुणाचा तरी अंगारा.

कारण विचारलंत. पितृपक्ष लागलाय, ताई. या पंधरवड्यात आपण साधी कढई विकत घेत नाही, आणि एवढं मोठं काम सुरू करायचं? घटस्थापना होऊ दे, मग बघू.

हे वाचून तुम्ही कान धरायला याल, म्हणून खरं ते लिहिते. मी घाबरलेय. ऑपरेशनला भूल देतात, आपल्याला काही कळत नाही. हे तर जागेपणी, डोळ्यांदेखत थेंब थेंब अंगात जाणार. आमच्या चाळीतल्या तुळशीकाकूंना मी पाहिलंय, पेजेचा घोट पोटात ठरत नव्हता. आणि केस गेले तर? मार्गशीर्षात तुमच्या शलाकाचं लग्न. तिच्या हळदीला गाणी म्हणायला मी टकली पुढे बसू?

रागावू नका, माया कमी करू नका.
तुमची,
विठा

बदलापूर,
१२ सप्टेंबर

चि. सौ. विठास, अनेक आशीर्वाद.

पितृपक्षात शुभकार्य करत नाहीत हे कबूल. पण केमो शुभकार्य आहे असं कुठल्या भटजीने सांगितलं तुला? गाठ गेली ना? मग तिचं मागचंपुढचं उरकायला नको? हा पंधरवडा असतोच त्यासाठी. मंगळवारी जा आणि तिला पाणी सोडून ये. घटस्थापनेला थांबलीस तर पुढे नऊ दिवस उपास, मग दसरा, मग दिवाळीचा फराळ. मी तुला काय आज ओळखते?

तुळशीकाकूंची गोष्ट जुनी झाली. मी डॉक्टरांना विचारलं. आता उलटीचं औषध आधीच देतात. त्रास होईल, पण होईल तो सांगायचा, ते बघतात. केस पुन्हा येतात. शलाका म्हणते, मामी टकली चालेल, पण गायला दुसरं कोणी नको.

मी बरोबर येतेय. मला सुयांबियांचं काही वाटत नाही.

लोभ ठेव, कडी काढ.
वेणू

बुवापाडा,
१५ सप्टेंबर

ती. वेणूताईंना, सा. न. वि. वि.

तुमच्या भावाने काय केलं ते ऐका. विठाचे केस जाणार तर माझे आधी, असं ह्यांच्या डोक्यात आलं. काल मला न सांगता सलूनमध्ये गेले आणि मिशीसकट चकोट करून आले. आता तुम्हीच सांगा, बायकोचं ऑपरेशन झालेलं, घराचं दार बंद, फोन बंद, आणि नवरा मुंडण करून डोळे पुसत चाललाय. लोकांनी काय समजावं? डोळ्यांत केस गेला होता म्हणे!

थोड्याच वेळात शेजारची उमा पिठल्याचं पातेलं घेऊन दारात, मागे अख्खी चाळ. दार मीच उघडलं. उमाने अशी किंकाळी फोडली की पातेलं ह्यांनी झेललं म्हणून वाचलं. गर्दीत चाळीतले म्हातारे आण्णा डोळे मिटून सांगत होते की बाई फार चांगली होती. होती! मी समोर उभी.

हसून हसून टाके ओढले. मग आत जाऊन ह्यांचं ते गुळगुळीत डोकं धरून रडले. मी नसले तर हा माणूस असाच दिसेल, लोकांनी आणलेलं पिठलं असाच एकटा खाईल. मला ते बघवेना. उद्या येते, ताई. पिठलं मात्र झकास होतं.

माया अशीच राहू द्या, सकाळी वेळेवर या.
विठा

बुवापाडा,
१८ सप्टेंबर

ती. वेणूताईंना, सा. न. वि. वि.

आता चक्कर कशी आहे? माझं विचाराल तर काल फार मळमळलं, दिवसभर पडून होते. आज पेज ठरली.

सिस्टर शीर शोधत होती माझी, आणि खाली कोसळलात तुम्ही! बाटली मला लावलेली, आणि शेजारच्या खाटेवर साखरपाणी तुम्हाला. मोकळ्या हाताने मी तुम्हाला वारा घालत होते. त्या गडबडीत माझं घाबरायचं राहूनच गेलं.

पण एक गोष्ट तुम्हाला आठवत नसेल. सिस्टरने तुम्हाला विचारलं की पन्नाशी उलटली, छातीची तपासणी कधी केलीत का. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, पितृपक्ष संपू दे.

सगळा वॉर्ड हसला. मला हसू आलं नाही. शनिवारचा नंबर लावलाय. पितृपक्ष तेव्हाही आहेच, पण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे चालतं. मी मास्क लावून येते.

लोभ वाढवा, सबबी नकोत.
विठा

बदलापूर,
१९ सप्टेंबर

चि. सौ. विठास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शंकररावांनी वाटेतच वाचलं, त्यामुळे सुटका नाही. दुसऱ्याला शिकवणं सोपं असतं गं. काही निघालं तर, या भीतीने मी कित्येक वर्षं टाळतेय. तुला रागावताना अर्धं मलाच रागावत होते.

उद्या येते. तू बाहेर बसू नकोस, माझ्याबरोबर आत ये आणि हात धर.

हिंदुरावाला मात्र टोपी घालून आण. शंकरराव कालपासून आरशासमोर डोक्यावरून हात फिरवतायत, आणि आमच्या शेजारणीला पिठलं अजिबात जमत नाही.

लोभ आहेच, हातही घट्ट असू दे.
तुझी घाबरट नणंद,
वेणू