मागे चालणारी

प्रिय माय,

या शिबिरातून तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवून आले होते. तरी लिहायला बसले आहे. का, ते शेवटी सांगते. तुला तशीही पत्राचा शेवट आधी वाचायची खोड. पण आधी बातम्या ऐक. कळंबच्या पुढच्या या टेकड्यांवर पळस फुलला आहे. पोरांनी काल नाल्याच्या वाळूत झरा उकरला आणि तेच गढूळ पाणी मला कौतुकाने प्यायला आणून दिलं. चहा अजून पांचटच असतो. तुझ्या हातचा पिणाऱ्याला इथला चहा म्हणजे शिक्षाच.

फेलोशिपसाठी माझी निवड झाली तेव्हा पोरगी मास्तरीण झाली म्हणून तू फुलसावंगीभर सांगत सुटली होतीस. मग कशाची मास्तरीण ते मी समजावलं. शाळेतल्या पोरांना जंगलात आणायचं, त्यांना दोराला गाठ मारायला, तंबू ठोकायला, नाला ओलांडायला शिकवायचं. ते ऐकून तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "जलमभर सरपन आनून आमची कंबर गेली," तू म्हणालीस, "आन तुले जंगलात फिराची नोकरी?" मी म्हटलं, अशी शिबिरं घेणारे आजवर सगळे शहरातलेच. आपल्या वस्तीतली, तांड्यावरची, कोलामांच्या पोडावरची माणसं शिबिरात दिसायची ती चुलीपाशी, नाहीतर सामान उचलताना. आपल्यातल्या पोरींनीही पुढे उभं राहून शिकवावं, म्हणून ही वर्षभराची फेलोशिप. मग मी आंघोळीला गेल्यावर माझे नवे बूट घालून तू अंगणभर चालून पाहिलंस. शेजारच्या सुखीबाईने मला सगळं सांगितलं आहे.

मला सगळ्यात आवडलं ते बॅकलीडचं काम. बॅकलीड म्हणजे रांगेत सगळ्यात मागे चालणारी. पुढचा वाट दाखवतो, आणि कोणी थकलं, बसलं, रडलं तर मागची त्याच्यासोबत थांबते. कोणाला मागे टाकून ती पुढे जात नाही. सुट्टीत घरी आले तेव्हा गल्लीतली पोरं रांगेत उभी करून मी तुला हे करून दाखवलं होतं. काहीही झालं तरी बॅकलीडने जागा सोडायची नाही, हे मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. तुला ते पटकन कळलं. हे तर आमच्या निंदणासारखंच, म्हणालीस, एखादी मागे पडली की तिच्या वाट्याची पात बाकीच्या बाया काढून देतात.

तू ते इतकं मनावर घेशील असं मला वाटलं नव्हतं. डिसेंबरच्या शिबिरात मी बॅकलीड होते. आमचे फोन पहिल्याच दिवशी बिस्किटाच्या डब्यात जमा होतात, पण शिबिर चालवणाऱ्या आमच्या इंद्रजित सरांचा फोन चालू असतो. घरच्यांना निरोप देता यावा म्हणूनच असतो तो. शाममामाकडे तो नंबर होता. तुला न्यूमोनिया झाला, यवतमाळला दवाखान्यात नेलं, मामा फोन करायला वॉर्डाबाहेर निघाला, आणि दर वेळी तू त्याला अडवलंस. "तिले बलावू नको. ते मांगं हाय. तिनं जागा सोडली तं कोनाचं लेकरू सुटन." शिबिर संपेपर्यंत तू निभावून नेशील असं मामालाही वाटलं. मी फुलसावंगीच्या स्टँडवर उतरले तेव्हा तो मला घ्यायला आला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. घरी पोचले तर तुला अंगणात ठेवलं होतं.

मला तुझा राग येतो, माय. अजून येतो. जागा सोडता येते गं. दुसऱ्या कोणाला तरी मागे उभं करायचं आणि निघायचं, इतकं सोपं असतं ते. हे तुला सांगायचंच राहिलं. विचारावं असं तुला वाटलं नाही, आणि सांगावं असं मला सुचलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी तुझा हात हातात घ्यायचा राहून गेला.

त्यानंतर मी बूट माळ्यावर टाकले. सरांचे फोन घेतले नाहीत. मामाने काही दिवस पाहिलं, मग एका सकाळी स्वतःच बूट खाली काढून पुसले. "ज्याच्यापायी मायनं तुले बलावलं नाही, तेच सोडून देतं का आता?" एवढंच म्हणाला. हे शिबिर पूर्ण केलं नाही तर फेलोशिप अर्धवट सुटणार होती, आणि पुढे कोणी शिकवायला घेणार नव्हतं. म्हणून आले. पण मागे चालणार नाही असं सरांना आल्या आल्या सांगितलं. मागे चालता येत नसेल तर पोरं तुझ्या हाती कशी देऊ, असं ते शांतपणे म्हणाले, आणि तूर्त मला पुढे ठेवलं. मी पुढे चालत होते आणि सारखी मागे वळून बघत होते. अशाने दोनदा ठेचकाळले.

यावेळची पोरं एका आश्रमशाळेतली आहेत. त्यात उर्वशी नावाची एक आठवीतली मुलगी आहे. काल बूट चावला म्हणून ती नाल्याकाठी जी बसली ती कोणाचं ऐकेना. मी मागे गेले आणि तिच्याजवळ बसले. तिच्या टाचेला पट्टी लावली. तुम्ही तर पुढे होत्या ना, तिने विचारलं. आता मागे आहे, मी म्हटलं. मग दुसऱ्याला पुढे करून रांग निघाली आणि आम्ही दोघी शेवटी चाललो. घरी कोण कोण आहे, असं तिने विचारलं, तेव्हा मी तुझं सांगितलं. तिने तिचं सांगितलं. तिची आई ती लहान असतानाच गेली.

शेवटच्या दुपारी पोरांनी घरी पत्र लिहायचं आणि शिकवणाऱ्यांनीही त्यांच्यात बसून लिहायचं, अशी इथली पद्धत आहे. माझी पत्रं तुला यायची ती अशीच लिहिलेली. आज सगळी लिहू लागली आणि उर्वशी कोऱ्या कागदासमोर बसून राहिली. "मॅडम, मी कोनाले लिहू?" मी म्हटलं, आईलाच लिही. "ते वाचत नाही न आता." मी एक कागद घेतला, तिच्या शेजारी मांडी घातली आणि वर 'प्रिय माय' लिहिलं. तिने वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून तिनेही सुरुवात केली. बाकीची पोरं कधीच उठून खेळायला गेलीत. उर्वशीचा कागद भरला आहे आणि ती दुसरा मागते आहे. मला लिहायचं होतं ते केव्हाच लिहून झालं, माय, पण तिचं झाल्याशिवाय मला उठता येत नाही.

तुझीच, अजून मागे असलेली,
अपेक्षा