मुहूर्ताची भवानी

४ डिसेंबर, कोल्हापूर

आई, कित्येक वर्षांत तुला काही लिहिलं नाही, त्याची लाज वाटते. आज मात्र हात थांबत नाही. राधानगरीच्या वाटेवर मी काढलेल्या चटणीच्या कारखान्याला सरकारी सवलत मंजूर झाली. तिकडे उद्योग कमी, म्हणून तिथं नवा कारखाना काढणाऱ्याला आपण भरलेल्या जीएसटीतला राज्याचा वाटा काही वर्षं परत मिळतो. शहरात एवढा मिळाला नसता. याच भरवशावर मी तिथल्या बायकांना कामाचा शब्द दिला होता, आणि तुझ्या एका सवयीपायी तो मोडायची वेळ आली होती.

माझ्या लहानपणीचं, शिवाजी पेठेतलं आपलं स्वयंपाकघर. भाजलेल्या खोबऱ्याचा वास, पाटीत विकायच्या चटणीच्या पुड्या, आणि मी मैत्रिणीच्या आईला सकाळची पहिली पुडी तशीच देऊन टाकते. तू डोळे वटारतेस. "भवानी फुकट घालवलीस व्हय गं? आता बस दिवसभर माश्या मारत." पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा हातात पडल्याशिवाय तुझा दिवस सुरू व्हायचा नाही.

दसऱ्याला यंत्राची पूजा केली आणि चाचणीपुरती थोडी चटणी कांडली. विक्री सुरू होण्याआधी अर्ज द्यायचा अशी सवलतीची अट, आणि माझा अर्ज अजून गेला नव्हता. म्हणून चटणी प्रसादासारखी वाटली. तुझी धाकटी बहीण मात्र अडून बसली. "फुकट न्हेऊ व्हय? भवानी केल्याबिगर मी उठणार न्हाय." तिनं यंत्रापुढच्या विड्यावर नोट ठेवली आणि मला नको म्हणवेना. हे म्हणाले, "देवाला वाहिली म्हण की. कोण इचारतंय?" पण अर्जात 'विक्री झालेली नाही' या वाक्याखाली सही मला करायची होती. नोट देवाला होती की चटणीला, ते मला ठरवता येईना.

शेवटी उद्योग कार्यालयात गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं.

"बिल केलंत?"

"नाही."

"मावशी चटणी खाऊन काय म्हणाल्या?"

"मीठ कमी पडलंय म्हणाली."

ते हसायला लागले. "मग चाचणीच झाली की बाई. जे घडलं ते अर्जात तसंच लिहा."

तसंच लिहिलं आणि यंत्रावर कापड टाकून वाट बघत बसले. आज मंजुरी आली. मावशीला फोन केला तर म्हणते, "म्हंजे माझी भवानी सरकारनं धरलीच न्हाय व्हय?"

एक सांगायचं राहिलं. कार्यालयाचा जिना चढताना साहेब जागेवर नसले तर बरं, असंच मनात चाललं होतं. विचारायला गेले होते एवढं समाधान घेऊन परतले असते, आणि नोटेचं काही न लिहिता सही केली असती. तू असतीस तरी हे तुला समोर बसून सांगता आलं नसतं. कागद वहीतच राहील.

उद्या: बायकांना सोमवारपासून कामावर यायला सांगणे.