काढून ठेवलेली वायर

रविवार, संध्याकाळ

माझ्या मॉडेल विमानाचं पेट्रोल इंजिन झटकन बंद करायचं बटण बायकोनं, सुमननंच जोडून दिलं होतं. काल इंजिन अडखळत होतं म्हणून मी बटणाची वायर काढली. परत लावलीच नाही. आज बेतवा नदीकाठच्या मैदानावर शेजारच्या तिवारीजींनी बटण दाबलं आणि विमान धरायला हात पुढे केला; इंजिन चालूच राहिलं, पुढच्या पंख्यानं त्यांची दोन बोटं कापली. टाके पडले.

"वायरिंग तो मिसेज ने की थी," मी त्यांना म्हणालो. का म्हणालो?

सुमन त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आली. "अहो, माझं काय चुकलं?" आल्यावर तिनं विचारलं. तेव्हा सांगितलं, वायर मी काढली होती.

तिनं काढलेल्या चपला परत पायात घातल्या. मग म्हणाली, "चला, त्यांनाही सांगा."

ती दारात उभी आहे. मी अजून लिहितोच आहे.