शिसे शोषलेल्या सालींच्या अकरा पोत्यांबाबत

दि. २४ मार्च

प्रति,
मा. कचरा व्यवस्थापन अधिकारी,
शहर स्वच्छता कार्यालय

विषय : ओला कचरा समजून नेलेल्या सालींचे खत शाळेच्या बागेत जाण्यापासून अडवण्याबाबत.
संदर्भ : माझे तीन अर्ज, आपले प्रशस्तिपत्र.

महोदय,

१. दि. ३ फेब्रुवारी रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आपल्या गाडीने माझ्या रसाच्या दुकानामागून सालींची अकरा पोती नेली. मी तेव्हा फळे आणायला बाजारात होतो.

२. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्यामुळे आमच्या गल्लीच्या विहिरीत शिसे उतरले आहे. प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने ते मोजले आणि उपायही सांगितला. संत्र्याच्या आणि केळ्याच्या साली वाळवून, दळून ड्रममध्ये भरायच्या व त्यातून पाणी सोडायचे. शिसे सालीला धरून राहते. गेली दोन वर्षे गल्ली हेच गाळलेले पाणी पिते. पाण्यातून निघालेले शिसे मात्र नाहीसे होत नाही. ते त्या पोत्यांत होते.

३. पोत्यांवर मी ‘वापरलेल्या साली’ एवढेच लिहिले होते. ‘शिसे’ लिहिले असते तर शेजारी सालींतून गाळलेल्या पाण्यालाच धास्तावून पुन्हा थेट विहिरीकडे वळले असते. ही चूक माझी आहे. तिन्ही अर्जांत मी ती कबूल केली आहे.

४. आपले निरीक्षक म्हणाले, “काका, साल ती साल. कशाला डोक्याला ताप करून घेता?” पाणी खात्याने लेखी कळवले की शिसे पाण्यात असेपर्यंत त्यांचे, सालीत गेल्यावर आपले. आपल्याकडून आले ते प्रशस्तिपत्र : एका दुकानातून सर्वाधिक ओला कचरा वेगळा करून दिल्याबद्दल. ते परत करत आहे.

५. माझी नात दुसरीत आहे. काल ती घरी येऊन म्हणाली, “आजोबा, तुमच्या सालींचं खत आमच्या वाफ्यात घालणार. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.” त्या वाफ्यांतली पालेभाजी मुले शाळेतच खातात. मुख्याध्यापिकांना भेटलो. त्या म्हणाल्या, “मला पटतंय हो, पण साहेबांचं पत्र आणा.”

६. तरी दोन ओळींचे पत्र द्यावे. खताच्या पिशव्या आज सकाळी शाळेत उतरल्या आहेत. वाफे मुलांच्या हातून साडेबाराला भरायचे ठरले आहे. हा अर्ज मी आपल्या कार्यालयातील बाकावर बसून लिहीत आहे. आता बारा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. खिडकी बंद आहे.

आपल्या दाराशी थांबलेला नम्र अर्जदार,
(सही)
रसवाला

सोबत :
१) पाणी व साल तपासणीचे अहवाल
२) आधीच्या अर्जांच्या पोचपावत्या
३) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत
४) वापरलेल्या सालींची भुकटी, एक मूठ, बंद डबीत. कृपया हात लावू नये.