आधी जुडी सोड

बाबा,

सांबार, इथले लोक कोथिंबीर म्हणतात तो, निवडायला घेतला की अजून तुमचा आवाज येतो, आणि त्याच्यामागून राग येतोच. आर्वीच्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापायची, मी नववीचं गणित घेऊन बसायचे, आणि तुम्ही सांबाराची जुडी माझ्यापुढं धरायचात. "बांधल्या जुडीतून काडी उपटली तं तुटते. आदी जुडी सोड. अवयव पाडल्याबिगर काटाकाटी करायची नाई."

शाळेत गणिताला तुम्हीच होतात. तिथं मी तुम्हाला सर म्हणायचे. तपासणीचे साहेब मागच्या बाकावर येऊन बसले त्या दिवशी तुम्ही फळ्यावर अपूर्णांक लिहिला, वर x² − 9, खाली x² − 5x + 6. दोनदा साहेबांकडं वळून पाहिलंत. आणि तुम्ही वरचा x² नि खालचा x² सरळ काटून टाकलात! तुम्हाला सावरायला म्हणून मी हात वर केला. "सर, आदी अवयव पाडा लागते न."

"खाली बस. घरी पुस्तक उघडत नाही, आणि इथं शहाणपणा!"

साहेब वहीत काहीतरी लिहीत होते, त्यांनी वर पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण तुम्ही (x + 3)/(x − 2) पर्यंत नीट सोडवलंत आणि वर्गाला म्हणालात, "काल हिच्यामुळं घोळ झाला." पोरी हसल्या. संध्याकाळी मी चहाचा कप देऊन तुमच्या एका वाक्यासाठी ताटकळत उभी राहिले. साखर कमी आहे म्हणालात. तुम्ही मला विकलंत, बाबा, आणि तेही कुणी मागितलं नसताना.

दहावीच्या बोर्डात तसंच उदाहरण आलं. केंद्राच्या फाटकाशी तुम्ही माझ्याकडून एकेक उत्तर वदवून घेतलंत, आणि त्या उत्तराशी माझ्या हातातली प्रश्नपत्रिका ओढून घेतलीत. "काऊन वं पोरी? हेच तं तुले शिकवलं होतं." पुढं निवृत्त होईपर्यंत तुम्ही प्रत्येक वर्गाला सांगत राहिलात, इथं माझी पोरगीसुद्धा चुकली. अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी म्हणालात, "माह्या शिकवण्यातच काई कमी राह्यलं." मी तुमचे पाय दाबत होते. दाबत राहिले.

हा कागद आता तुमच्या तसबिरीपुढच्या पोथीखाली ठेवीन. उत्तर मला येत होतं, बाबा. कच्च्या कामात अवयव पाडून झाले होते. पानावर मात्र मी तुमचं साहेबांपुढचं उतरवलं.