यादीतली सातवी ओळ

४ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले एकदाची! भद्रावतीहून चंद्रपूर, तिथून आलापल्ली, आणि पुढे हेमलकशाच्याही पलीकडे एका जीपमध्ये नऊ माणसं, दोन कोंबड्या आणि मी. कंबर जागेवर आहे की नाही ते उद्या बघू. दवाखाना ट्रस्टचा, लहानसा, पण नीटनेटका. माझ्या खोलीमागे मोहाचं झाड आहे. स्वयंपाक बुधरीबाई करतात. माडिया आदिवासी आहेत, मराठी मोजकंच बोलतात. त्यांनी वाढलेला भाताचा डोंगर मी संपवला, तेव्हा बाईंनी मला पास केलं असावं. आईला फोन करून खुशाली कळवली. ती घरी एकटीच असते, म्हणून रोज फोन करायचं ठरलंय.

६ नोव्हेंबर

काम काय ते लिहून ठेवते. दवाखान्याची जंगलातल्या गावांत सहा उपकेंद्रं. प्रत्येक ठिकाणी एक नर्स, एक संगणक. या सगळ्या संगणकांची जुळवाजुळव इथल्या सर्व्हरवरून होते. एका फाइलमध्ये यादी आहे: ठिकाण, नाव, आणि तिथे काय असावं. रोज सकाळी सहाला स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, ती यादी वाचते, एकेकाकडे जाऊन बघते, लिहिल्याप्रमाणे नसेल तर तसं करते, आणि अहवाल देते: 'ठीक', 'बदलले' किंवा 'पोहोचले नाही'. आपण फक्त काय हवं ते लिहायचं, कसं करायचं ते तिचं ती बघते. नावाची जागा रिकामी सोडली, तर ओळ त्या ठिकाणच्या सगळ्यांना लागू होते. माझ्या आधीच्या दिनेशने हे एकट्याने उभं केलं, तेही चक्क मराठीत. संगणकांना तिथल्या नर्सबाईंची नावं दिलीत. गडी हुशार, पण जाताना समजावणारं एक टिपण ठेवलं नाही, म्हणून मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या.

स्क्रिप्ट अडकते, अशी तक्रार होती. कुठे ते सापडलं. सातव्या ओळीवर ती चाळीस मिनिटं थांबते. उपकेंद्रं सहाच आहेत, ओळी मात्र सात.

७ नोव्हेंबर

सातवी ओळ अशी आहे: करिश्मा, असावे. अहवालात रोज 'ठीक'. इथल्या डॉक्टर श्रीहरींना विचारलं. म्हणाले, ते उपकेंद्र ऑगस्टपासून बंद आहे. पुरात डोंगा उलटला. नर्स करिश्मा गेली, तिच्या मांडीवरचा संगणकही गेला. दोन्ही सापडले नाहीत. करिश्मा ही बुधरीबाईंची मुलगी.

तीन दिवस त्या बाईच्या हातचं जेवून मी खिदळत होते. आज मान वर करून भात मागितला नाही.

९ नोव्हेंबर

नदीच्या तळाशी गेलेला संगणक 'ठीक' कसा म्हणेल? त्याचा पत्ता दुसऱ्या कोणाला गेलाय का ते पाहिलं. जुनाच अहवाल पुन्हा छापला जातोय का तेही पाहिलं. तसं काही नाही. रोज कुणीतरी उत्तर देतंय. शेवटी ओळच काढून टाकली.

१० नोव्हेंबर

आज स्क्रिप्ट अडकली नाही. सहा ओळी, सहा वेळा 'ठीक'. स्वतःवर खूश होऊन चहा घेत होते, तर बुधरीबाई आल्या. मुलीची हजेरी लागली का, असं विचारलं. दिनेश म्हणे त्यांना रोज सांगायचा. मी म्हटलं, आता तिचं नाव यादीत नाही. त्यावर शांतपणे म्हणाल्या, असू दे, आजही ती आली होती. दारात बसते. केसांतून पाणी गळतं. खात नाही, बोलत नाही, आईला ओळखत नाही. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करतात, मग त्याला आपली जागा मिळते. दारात बसलेल्या मुलीचा दगड कसा उभा करायचा, असं त्या मला विचारत होत्या.

१२ नोव्हेंबर

दिनेशचा नंबर मिळवला. तो कुरखेड्याला घरी धानाच्या कापणीत आहे. करिश्माचं नाव काढल्यावर त्याने सगळं सांगितलं. त्या दोघांचं लग्न ठरलं होतं. ती गेल्यावर एका सकाळी त्याने तिची ओळ पुन्हा लिहिली, पण या वेळी मनात संगणक नव्हता.

"ताई, ओळ काहाडून ते जात नाई," तो म्हणाला. "स्क्रिप्ट फक्त तिकडं पाहाणं सोडते. घालवाचं असन त नावापुढं 'नसावे' लिहा लागते. मले नाई लिहिता आलं. तुमी लिहा."

हे मला ठाऊक होतं. आमच्या कामात पहिल्या आठवड्यात शिकवतात.

१३ नोव्हेंबर

खरं तेच लिहिते. करिश्मापुढे 'नसावे' लिहायला बसले आणि लिहिलं भलतंच. माझा भाऊ स्वप्निल मागच्या पोळ्याला गेला. मी चंद्रपूरहून उशिरा सुटले, बस चुकवली, आणि चौकापर्यंत न्यायला ये म्हणून त्याला फोन केला. कोळशाचा ट्रक होता. मी बोलावलं नसतं तर तो घरी पोळ्या खात बसला असता. आईने मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. पण तेव्हापासून ती माझ्याकडे नीट बघतही नाही.

ठिकाण म्हणून आमचं घर धरलं आणि यादीत लिहिलं: भद्रावती, स्वप्निल, असावे.

१४ नोव्हेंबर

अहवालात 'बदलले'.

सात वाजता आईचा फोन. रडत होती, हसत होती. म्हणाली, "आला वं रोशनी तो. खाटेवर बसला हाय." किती दिवसांनी तिने मला नावाने हाक मारली.

१५ नोव्हेंबर

'ठीक'. आईने त्याच्यासाठी वांग्याची भाजी केली. घरी जायला जीव तळमळतोय. रविवारी निघायचं ठरवलंय.

१७ नोव्हेंबर

गेले नाही. भीती वाटली. त्याने माझ्याकडे बघितलं तर काय करू, याची.

आई म्हणते तो अजून तिथेच बसलाय. जेवला नाही. आई म्हणून हाक मारली नाही. भिंतीकडे बघतो.

१८ नोव्हेंबर

चूक माझी आहे. मी फक्त 'असावे' लिहिलं. जे लिहिलं नाही ते स्क्रिप्ट करत नाही. तो आहे, एवढंच.

बसून पुढचं लिहिलं. बोलावे. जेवावे. आईला ओळखावे. आंघोळ करताना मोठ्याने गावे. अकरा ओळी झाल्या आणि मला सुचेना. हसायचा कसा ते लिहायचं होतं, शब्द सापडेना. माझा सख्खा भाऊ, आणि अकरा ओळी.

१९ नोव्हेंबर

अकराही ओळींपुढे 'पोहोचले नाही'. फक्त आधीच्या 'असावे'च्या ओळीपुढे 'ठीक'.

२० नोव्हेंबर

आई जेवत नाहीये. तो जेवला की जेवीन म्हणते. सहा दिवस झाले —

शेजारच्या नीलाबाईंना फोन केला. त्या खिडकीतून बघून आल्या. म्हणाल्या, दोघं समोरासमोर बसलेत, मध्ये ताट आहे, दोघंही हलत नाहीत. त्यातला दुसरा कोण, असं त्यांनी विचारलं नाही. मग म्हणाल्या, मी पुन्हा नाही जाणार तिकडे.

२१ नोव्हेंबर

आईचा आवाज बसलाय. ऊठ म्हटलं, पाणी तरी पी म्हटलं. म्हणते, मी उठली आन् तो गेला त? मी जाऊन तिला उठवू शकेन, पण तो तिथे बसलेलाच राहील, आणि ती पुन्हा त्याच्यासमोर जाऊन बसेल. जे करायचं ते इथूनच — यादीतच —

'नसावे' लिहवत नाही.

२२ नोव्हेंबर

सकाळी बुधरीबाई माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. दिनेश काय म्हणाला ते मी त्यांना सांगितलं होतं. मुलीचं नाव मला यादीत पुन्हा लिहायला लावलं. अक्षर येत नाही, तरी बोट त्या नावावर ठेवलं.

"लिव," म्हणाल्या. "तिले जाऊ दे आता."

लिहिलं. करिश्मा, नसावे. स्क्रिप्ट चालवली. 'बदलले'. त्या घरी गेल्या, दार बघून परत आल्या, चुलीवर भात ठेवला आणि चुलीपाशी बसून रडल्या. मीही रडले. दगड उभा करायला गावातली माणसं उद्या जाणार.

एका आईने करून दाखवलं. आता मी —

२३ नोव्हेंबर, सकाळ

नाही जमलं. स्वप्निल लिहिते, स्वल्पविराम देते आणि —

एकदा मीच बोलावलं म्हणून तो गेला. आता मीच —

आई फोन उचलत नाही.

२३, दुपार

उचलला. बोलत नाही, फक्त श्वास. वाट बघायला वेळ नाही.

त्याचं नाव त्या शब्दाशेजारी लिहवेना. माझ्याच्याने झालं नाही. त्याच्या जुन्या ओळी काढल्या. ठिकाण लिहिलं, भद्रावती. नावाची जागा तशीच सोडली. पुढे 'नसावे'. डोळे मिटले आणि तेवढी एकच ओळ चालवली.

आई बोलली. म्हणते, तो उठला. दाराकडे गेला. म्हणते, माझ्याकडं पाह्यलं वं त्यानं —

गेला.

सुटली. आता ती जेवेल, मी उद्याच निघते —

स्क्रिप्ट अजून चालूच आहे. का — एकच ओळ होती —

नाव रिकामं ठेवलं की त्या ठिकाणचं सगळं. सगळं. रोज सहा केंद्रांसाठी मी हेच करते, आणि आज —

थांबवते आहे. थांबत नाही. वायर ओढली तरी —

आई म्हणते, दुखत नाही काही. म्हणते, मले माझे हात दिसून नाई राह्यले रोशनी —

अहवाल. भद्रावती, बदलले, दोन.

फोनमध्ये फक्त पंख्याचा आवाज येतोय.

लिहिते आहे. भद्रावती, गिरजा — आईचं नाव मी कधी लिहिलंच नव्हतं — पुढे काय लिहू, 'असावे' लिहिलं तर तीही तशीच येऊन बसेल, भिंतीकडे बघत, आणि नाही लिहिलं तर —