गुत्तेदाराच्या दारात अडीच दिवस

बोरगाव, वैशाख वद्य पंचमी, शके १७८६

प्रिय वच्छलेचे बाबा,

नमस्कार. पत्र शाळामास्तर नत्थुजी लिहून देत आहेत, बोल माझे आहेत. असं नवऱ्याला लिहू नये म्हणून त्यांनी दोनदा लेखणी खाली ठेवली, मी दोनदा उचलायला लावली.

आधी बातमी सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. भगवंत गुत्तेदाराकडून पैसे वसूल झाले. विहिरीसाठी तुम्ही त्याला आगाऊ तीनशे दिले होते. बारा हात विहीर त्यानं खणली होती, तिचे एकशे वीस मी कापू दिले, कारण फुकटचं आपल्याला पचत नाही. बाकीचे एकशे ऐंशी कलदार घरात आहेत.

तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हा तुम्हाला विहिरीचं वेड लागलं. मी म्हटलं होतं, कागद करा. तुम्ही म्हणालात, लहानपणच्या सवंगड्यानं महादेवासमोर बेल उचलून शब्द दिला, आता कागद मागितला तर देवाला काय वाटेल? देवाला काही वाटलं नाही. मूर्तिजापूरकडे आगगाडीच्या सडकेवर दुप्पट मजुरी मिळू लागली आणि भगवंत सगळी माणसं घेऊन तिकडे गेला. काळ्या मातीतला उघडा खड्डा तो, पावसाआधी दगडानं बांधला नाही तर सगळा आत बसणार. आणि तुम्ही कापूस विकून येतो म्हणून चैत्रात अमरावतीला गेलात.

मी भावाला, पुंजारामला, घेऊन अकोल्याच्या कचेरीत गेले. कारकुनानं कागद मागितला. बेलाचं सांगितल्यावर तो पोट धरून हसला, आणि वर दम दिला की दारात धरणं धरून बसाल तर नव्या कायद्यात गुन्हा आहे. माझ्या डोक्यात धरणं नव्हतंच, त्यानंच घातलं.

मूर्तिजापूरला भगवंताच्या झोपडीसमोर जाऊन बसले. पाण्याशिवाय काही घेतलं नाही. शिपाई विचारायला आला, तर म्हटलं, आगगाडीची वाट पाहून राहिले, बाबा. रूळ अजून पडायचे होते. भगवंतही पहिल्या दिवशी हसला. पण त्याची म्हातारी आई पार्बताबाई ताटावरून उठली. म्हणाली, "दारात बाई उपाशी, अन् मी भाकर मोडू? मले नाई जमत!" दुसऱ्या दिवशी मजुरांच्या बायकांनीही चुली पेटवल्या नाहीत, आणि उपाशी पोटी मातीचं टोपलं कोण उचलणार? भरावाचं काम थांबलं. तिसऱ्या दिवशी दुपारी भगवंतानं मान खाली घालून माझ्या पदरात पैसे ओतले. मग मी आणि पार्बताबाई एका ताटात भाकर-ठेचा जेवलो. तिथे मला रडू फुटलं. भगवंतावरचा राग कधीच गेला होता, तुमच्यावरचा होता.

अय्युबभाई गवंडी अकोल्याहून आले आहेत. सात हात बांधून झाले. पाऊस यायच्या आत पुरं करतो म्हणतात, आणि ह्या खेपेला कागद केला आहे.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. कापूस कधीच विकला गेला, हे मला ठाऊक आहे. गाडीवान सांगतात, तुम्ही तिथे एका आडत्याकडे कापसाच्या गाठी मोजता आणि बोरगावचा माणूस दिसला की मागच्या दारानं जाता. सवंगड्यानं फसवलं म्हणून एवढं तोंड लपवायचं? भगवंतानं विहीर अर्धी टाकली, तुम्ही घर टाकलंत. गावात कोणी हसत नाही. हसेन तर मी हसेन, तेही तुम्हाला पोटभर वाढून झाल्यावर. एकशे ऐंशी रुपयांसाठी मी अडीच दिवस उपाशी बसले. तुमच्यासाठी किती दिवस बसेन, याचा विचार करा आणि मृगाच्या आत घरी या.

तुमचीच,
वच्छलेची आई